साडेतीन अंश

नागपूरच्या माणसाला उन्हाचा अभिमान असतो आणि थंडीची हौस. इतर गावचे लोक आपल्या घराण्याबद्दल ज्या सुरात बोलतात, त्या सुरात तो उन्हाबद्दल बोलतो. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे सांगताना त्याचा आवाज किंचित खाली येतो. स्वतःच्या पराक्रमाबद्दल फार बोलू नये, एवढी रीत त्याला ठाऊक असते. २०२४ च्या मे महिन्यात तर शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं थेट ५६ अंश नोंदवले. पुढं त्याचा सेन्सरच बिघडलेला निघाला. पण नागपूरच्या वेशीवरच्या आमच्या वाडीत त्या यंत्राला कुणी हसलं नाही. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर उभं केलं तर कुणाचंही असंच होणार. थंडीचं मात्र सगळं वेगळं. ती आली आहे असं आधी पेपर सांगतो, मग आम्हाला वाजायला लागते. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला आणि आजवरच्या नोंदींमधला नीचांक झाला, तेव्हा आम्ही धन्य झालो. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन आणि आता अंशही साडेतीन. त्या सकाळी वाडीतली भली भली माणसं गच्चीवर उभी राहून आपल्या तोंडातून वाफ निघते का ते बघत होती. निघाली की शेजारच्या गच्चीला दाखवत होती.

एवढ्या थंडीनंही आमच्याकडे बर्फ काही होत नाही. महाराष्ट्राचा बर्फ म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गोठलेलं दव. पेपरात दर हिवाळ्यात त्याचा फोटो येतो. मोटारीच्या टपावरचा पापुद्रा कुणीतरी नखानं खरवडून तळहातावर घेतलेला असतो आणि त्या तळहाताच्या मागं एक अत्यंत समाधानी चेहरा असतो. सबंध राज्याचा हिवाळा एका ओंजळीत मावतो आणि फोटो काढेपर्यंत वितळून जातो.

तरीही डिसेंबरात आम्हा मित्रांचं हिवाळी अधिवेशन भरतं. हे नाव आम्ही सरकारकडून उसनं घेतलं आहे. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथं होतं. मुंबईहून मंत्री येतात, सचिव येतात, फायलींचे गठ्ठे येतात, मोर्चे येतात आणि रात्री सगळे मिळून सावजी रस्स्यापुढं घाम पुसत बसतात. सरकार असं थंडी खायला नागपुरात शिरलं, की आम्ही अमरावती रस्त्यानं बाहेर पडतो. आमच्यात एक ट्रान्सपोर्टवाला आहे, एक ऑर्डनन्स फॅक्टरीतला, एक मास्तर, आणि कोंढाळीच्या अलीकडे ज्याची वडिलोपार्जित शेती आहे तो शेतवाला. त्याच्या शेतात टिनपत्र्याची एक खोली आहे. एरवी तिथं खताची पोती, फवारणीचा पंप आणि एक मांजर राहतं. शनिवार-रविवारपुरती पोती भिंतीला सरकतात. मांजर सरकत नाही.

वाडीत राहणाऱ्याला बाहेर पडणं म्हणजे काय ते विचारावं. मुंबई-कोलकाता हमरस्त्याच्या कडेला पसरलेलं हे गाव गोदामांचं आणि ट्रकांचं. इथं रात्र होत नाही, फक्त हॉर्नचे सूर बदलतात. हिवाळ्याच्या पहाटे पंजाबचा, बिहारचा आणि तमिळनाडूचा ड्रायव्हर एकाच खोक्याच्या जाळावर हात शेकत उभे असतात. कोणाची भाषा कोणाला कळत नसते आणि त्यावाचून अडतही नसतं. आमची गाडी त्यांच्यातून वाट काढत गोंडखैरी ओलांडते, बाजारगाव मागं टाकते, आणि मग एका वळणावर संत्र्याच्या बागांमधून असा गारवा आत येतो की मास्तर काच खाली करून लगेच वर करतात. त्यांना थंडी हवी असते. फक्त तिची खात्री पटली की पुरे.

कपड्यांची तयारी पाहिली तर आम्ही सियाचीनला निघालो आहोत असं वाटावं. डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे स्वेटर, आईच्या हातची कानटोपी, मफलरवर मफलर. हल्ली हे सामान तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलं जातं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. विदर्भाच्या उन्हात त्यांची आता तिसरी पिढी वाढते आहे. मागं एका दुकानावर मी जाड लोकरी जॅकेट घालून बघत होतो. ते विकणारी आजी पातळ सुती ब्लाउजवर बसून वारा घेत होती. ‘खूप गरम आहे,’ ती मराठीत म्हणाली. जॅकेटबद्दल म्हणाली की हवेबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्यातला एक मात्र अधिवेशनाला कायमचा गैरहजर असतो. तो अमेरिकेत मिनेसोटात असतो. वाडीच्या दत्तवाडीत वाढलेला हा पोरगा तिकडे कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब झाला, आणि हिवाळा आला की गोऱ्या मित्रांबरोबर उत्तरेकडच्या तळ्याकाठी लाकडी घरात जाऊन राहतो. त्याला तिकडे ‘कॅबिन’ म्हणतात. आम्हाला कॅबिन म्हटलं की ट्रकची आठवते, त्यामुळे बरेच दिवस ट्रान्सपोर्टवाल्याचा समज होता की आपला मित्र सुटीच्या दिवशी लॉरीत झोपतो. तिकडे तळी गोठतात. चार इंच स्वच्छ बर्फ झाला की माणसानं पायी जावं, पाच ते सात इंच झाला की स्नोमोबिल न्यावी, आणि पुढं आणखी जाड झाला की लोक चक्क मोटारी घेऊन तळ्यावर उतरतात असं तिथलं शास्त्र आहे. मग त्या बर्फावर छोटी छोटी घरं उभी राहतात. गिरमिटानं जमिनीत, म्हणजे पाण्यात, म्हणजे बर्फात भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि शेगडी पेटवून बसायचं. तळ्यावर एक गावच वसतं, आणि मार्चमधल्या ठरलेल्या तारखेच्या आत ते उठवावं लागतं. सरकारी नियमच आहे तो. फॅक्टरीतला हे ऐकून फार खूश झाला होता. अतिक्रमण वेळेत हटतं असं जगात एक तरी गाव आहे, आणि त्यासाठी त्याच्याखालची जमीन वितळावी लागते, यात त्याला मोठा न्याय दिसला.

मिनेसोटावाल्याच्या स्नोमोबिलचे व्हिडिओ आम्ही बघतो. पुढं दोन पट्ट्या, मागं रणगाड्यासारखा पट्टा, मागून उडणारी पांढरी धूळ आणि शिरस्त्राणातून येणारी अस्सल नागपुरी आरोळी. आमच्याकडे त्या तोडीचं काही नाही असं समजू नये. शेतवाल्याचा ट्रॅक्टर आहे. दुपारच्या जेवणानंतर ट्रॉलीत उभं राहून, कपाशीच्या कडेकडेनं, बांधावरून उड्या खात आम्ही फेरी मारतो. पन्नाशीतली माणसं ट्रॉलीच्या दांड्याला धरून जे ओरडतात, त्याला इंजिनाचा आवाज कमी पडतो.

रात्री शेकोटीपाशी मास्तरांनी स्नोमोबिलची गोष्ट सांगितली. कॅनडात क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा मेकॅनिक होता. बर्फावरून पळेल असं वाहन करायची खटपट त्यानं पोरवयापासून चालवली होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बुजलेले, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही, मूल गेलं. तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच्या पट्ट्याच्या गाडीला पेटंट मिळालं. त्या पहिल्या गाड्यांतून डॉक्टर फिरले, टपाल फिरलं, मुलं शाळेत गेली. आपला मित्र जिच्यावर आरोळ्या ठोकतो ती छोटी, मौजेची गाडी पुष्कळ नंतरची, १९५९ ची. बाजारात तिचं नाव स्की-डू.

शेकोटीत तुरीच्या ओल्या शेंगा भाजत होत्या. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे पुरलेले होते, वांगी वरून काळी पडली होती. शेतवाला काठीनं निखारे सारखे करत म्हणाला, ‘आपल्याकडे हे पावसाळ्यात होते. काळी माती एकदा फुगली का बंडीचं चाक आसापर्यंत जाते. माह्या बापाले खाटेवर टाकून डांबरी रोडपर्यंत नेल्तं.’ मग थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, ‘ट्रॅक्टर त्याच्या पुढच्या वर्षी घेतला.’ आम्ही दुपारभर ज्या ट्रॉलीत नाचलो होतो ती अंधारात चाकांवर मातीचे गोळे घेऊन उभी होती. फॅक्टरीतल्यानं एक शेंग सोलून शेतवाल्याच्या हातावर ठेवली. नुसती शेंग. त्यानं ती खाल्ली आणि ‘मीठ कुठं हाय बे?’ म्हणून ओरडला, तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

मासेमारी हा अधिवेशनाच्या कामकाजातला मुख्य विषय, आणि प्रथेप्रमाणे त्यावर कधीच काही निष्पन्न होत नाही. शेताच्या खालच्या अंगाला पाटबंधाऱ्याचा एक तलाव आहे. त्यातली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार सोसायटीकडे. तिथले एक म्हातारे ढिवरकाका सांजेला डोंग्यातून जाळं टाकायला येतात. आम्ही बांबूच्या काठ्या, दोरी आणि कणकेच्या गोळ्या घेऊन पहिल्यांदा परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्यांनी आमच्याकडे, काठ्यांकडे आणि मास्तरांच्या दोन मफलरांकडे नीट पाहिलं. ‘बसा न जी,’ ते म्हणाले, ‘तुमच्यानं तलावाले काही धोका नाही.’

आणि मग जे होतं ते मला वर्षभर पुरतं. काहीच होत नाही. चार मित्र पाण्याकडे तोंड करून ओळीनं बसतात. एरवी एकमेकांकडे तोंड करून बसलं की मुलांचे पगार, गुडघे आणि प्लॉटचे भाव निघतात. पाण्याकडे तोंड केलं की विषय सुचत नाहीत, आणि सुचले तरी मासा पळेल म्हणून बोलता येत नाहीत. पलीकडच्या उथळ पाण्यात चक्रवाक उतरलेले असतात, भगवे, आणि एखाद्या वर्षी डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस. हिमालय ओलांडून येतात ते. तिकडच्या तळ्यांवर बर्फ धरला की त्यांना खायला मिळत नाही, म्हणून आमच्या न गोठणाऱ्या पाण्यावर चार महिने काढतात. आम्ही ज्याच्यासाठी हळहळतो, त्याच्यापासून ते एवढं उंच उडून पळ काढतात. मी फॅक्टरीतल्याला हे कानात सांगितलं. त्यानं बोट ओठांवर ठेवलं. तो झोपला होता. डोळे न उघडताच ठेवलं.

शनिवारी रात्री आठच्या सुमाराला मिनेसोटाहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे साडेआठ. आमचा गैरहजर सदस्य बर्फावरच्या घरात, पायाशी ताटलीएवढं भोक, शेजारी दोन गोरे, दोघांच्याही तोंडून शब्द नाही. त्याच्याजवळ एक यंत्र होतं. भोकाखालचा मासा त्यात रंगीत रेघेसारखा दिसतो. ‘बघ, आला,’ तो कुजबुजला. रेघ वर आली, गळापाशी थांबली, आणि गेली. ‘सकाळपासून हेच चाललंय बे. येतो, वास घेतो, जातो.’

तेवढ्यात काका जाळं लावून शेकोटीपाशी आले होते. त्यांच्या हाती फोन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांपासून लांब नेला. मिनेसोटावाल्यानं दार उघडून त्यांना बाहेरचं तळं दाखवलं. क्षितिजापर्यंत पांढरं, त्यावर ठिपक्यांसारखी घरं आणि एक मोटार.

‘हे समदं पाणीच हाय?’

‘हो काका. वर बर्फ, खाली पाणी.’

‘आन् मासोळ्या मरत नाही थंडीनं?’

मास्तरांनी पुढं होऊन समजावलं. पाणी चार अंशांना सगळ्यांत जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं. त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. छप्पर बर्फाचं, पण खाली चार अंश, त्यात मासे निवांत. ट्रान्सपोर्टवाल्यानं हिशेब केला: म्हणजे २०१८ च्या त्या पहाटे आमची वाडी मिनेसोटातल्या माशापेक्षा अर्ध्या अंशानं गार होती. यावर जरा जल्लोष झाला.

काकांना चार अंशांचं विशेष वाटलं नाही. ‘आपल्या इथंबी थंडीत मासोळी खालीच बसते,’ ते म्हणाले. ‘तुमची दोरी हातभर पाण्यात. तिथं कोन येईल?’ इतकी वर्षं त्यांनी हे सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. मग ते पुन्हा फोनकडे वळले.

‘या तलावाचा ठेका कोनाकडं हाय?’

मिनेसोटावाला गडबडला. ठेका नाही म्हणाला, सरकारकडून लायसन्स काढायचं, कोणीही काढू शकतो. झोपडीचं लायसन्स वेगळं.

‘आन् मासोळी नाही भेटली त पैसे वापस?’

‘नाही काका.’

‘भेटली का कधी?’

तिकडे एका गोऱ्यानं थर्मासमधून कॉफी ओतली. आमच्या मित्रानं भोकाकडे पाहिलं. ‘मागच्या वर्षी एक,’ तो म्हणाला. ‘लहान होती. सोडून दिली.’

काकांनी फोन शेतवाल्याच्या हाती परत दिला, राखेतून एक रोडगा उकरला, फुंकर मारून फोडला आणि तूप कुठं आहे ते बघत म्हणाले, ‘त्याले इकडंच बलावून घ्या जी. पैसे भरून काहून बसते तिथं? इथं फुकट बसाले भेटते.’