भोंगा वाजला, जायचं कुठे?

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांच्या यादीत खान्देशातलं एकच नाव होतं, भुसावळ. ते असायलाच हवं. रेल्वेचं अवाढव्य यार्ड, दीपनगरचं वीजकेंद्र, भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखाने, सगळं एकाच तालुक्यात.

भोंगा वाजला की सुरक्षित जागी आसरा घ्या, असं सांगितलं जातं. कोणत्या जागी? पत्र्याच्या खोलीत? धाब्याच्या घरात, मातीच्या छताखाली? की नव्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, जिथे नुसते खांब आहेत आणि भिंतीचा पत्ता नाही? ब्लॅकआउटसाठी दिवे घालवणं लोकांना जमतं. आसरा मात्र सरकारनेच बांधावा लागतो.

जम्मूच्या सीमेवर केंद्राने २०१७ च्या अखेरीस १४,४६० बंकर मंजूर केले, सुमारे ४१६ कोटींचे. तिथे तोफगोळे दारात पडतात, त्यामुळे ते योग्यच होतं. पण क्षेपणास्त्राला सीमेपासूनचं अंतर आडवं येत नाही, आणि भुसावळचं नाव यादीत घालताना सरकारनेच ते मान्य केलं आहे. मग धोका मान्य करून आसरा का नाही?

चर खणून भागेल असं कोणी म्हणू नये. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात खचते. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा हवा-पाण्याची सोय नसलेल्या तळघरात माणसं बॉम्बआधी उकाड्यानेच पडतील. फिनलंडमध्ये साधारण १,२०० चौरस मीटरहून मोठी निवासी इमारत बांधायची तर आसऱ्याची जागा कायद्यानेच काढावी लागते. एरवी तिथल्या मोठ्या सार्वजनिक आसऱ्यांत लोक खेळतात, पोहतात, गाड्या लावतात. आपल्याकडे तशीच जागा उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्यांना बसायला होईल.

जळगावात महापालिकेची सतरा मजली इमारत उभी राहू शकते, तर आसराही उभा राहू शकतो. धुळ्यात, जळगावात, भुसावळमध्ये यापुढे जी सरकारी इमारत होईल, तिच्या पोटात वस्तीसाठी एक भक्कम, हवेशीर खोली असलीच पाहिजे, आणि तिच्याशिवाय नकाशा मंजूर होता कामा नये. आज ज्या शाळा, ज्या पक्क्या इमारती आहेत, त्यांची तपासणी आधी करा. कोणत्या गल्लीने कुठे जायचं आणि रात्री तिथली चावी कोणाकडे असते, हे पुढच्या तालमीआधी प्रत्येक रेशन दुकानाच्या भिंतीवर लागू द्या.