ताटातून मुरूम हटवण्याची रीत : नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम आपला मुरूम कोणत्या प्रतीचा आहे ते पाहून घ्या. पांढरं टोक असलेला, आला तसा निघून जाणारा किरकोळ माल असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला कातडीखाली बोटाला लागणारी गाठ असेल, तिला तोंड नसेल आणि कुशीवर वळलं की ती ठणकत असेल, तर बसा. तुम्ही आमचे खरे विद्यार्थी आहात. त्वचेतल्या तेलग्रंथीची वाट बुजते, आत तेल साठतं, एरवी निमूट राहणारे जंतू तिथे माजतात आणि फुगलेली पिशवी आतल्या आत फुटून सूज खोलवर पसरते. हे सगळं हार्मोन्सच्या हुकमावरून आणि बऱ्याच अंशी आईवडिलांकडून आलेल्या जनुकांच्या कृपेने घडतं. मात्र आईवडिलांना हे सांगू नका. त्यांच्या मते ते परवाच्या वडापावमुळे झालेलं आहे.

साहित्य : एक आरसा, एक वही आणि सल्ला देणारी माणसं. यातली शेवटची वस्तू विकत आणावी लागत नाही. तोंडावर गाठ घेऊन एखाद्या लग्नाला जा, पंगत उठेपर्यंत वर्षभराचा साठा होतो.

आता गुन्हेगार निवडा. तळणापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. तेलकट खाल्लं की तोंड तेलकट होणारच, हा तर्क इतका सरळ आहे की भज्यातलं तेल पोटातून नाकाच्या शेंड्यावर कोणत्या वाटेने येतं, असं विचारणं उद्धटपणाचं ठरतं. विचारू नका. वहीत फक्त तारखा मांडा. आज दिसणाऱ्या गाठीची सुरुवात बहुधा काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. म्हणजे गुन्हा घडला तेव्हा कालचा वडापाव तिथे नव्हताच. शिवाय ‘काल मिसळ, आज मुरूम’ ही नोंद सगळे करतात, ‘काल मिसळ, आज काहीच नाही’ ही नोंद आजवर कोणी केलेली नाही.

चॉकलेट सोडायचं असल्यास निदान इतिहास ठाऊक असू द्या. 1969 साली अमेरिकेत 65 जणांना काही आठवडे चॉकलेटची वडी आणि काही आठवडे बिनचॉकलेटची वडी खायला घालून त्यांचे मुरूम मोजले गेले. फरक पडला नाही, सबब चॉकलेट निर्दोष, असा निकाल लागला आणि तो पुढे कितीतरी वर्षं डॉक्टरांनी रुग्णांना ऐकवला. त्या प्रयोगाला चॉकलेट बनवणाऱ्यांच्याच संघटनेचा हातभार होता आणि बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तितकेच होते. दोन संशयितांपैकी एकाला दुसऱ्याचे कपडे घालून ओळखपरेड घ्यावी, त्यातला हा प्रकार.

यानंतर ‘उष्णता’ हे प्रकरण येतं. ते टाळता येत नाही. आत्या म्हणतील अंगात उष्णता आहे, काकू म्हणतील पोट साफ नाही, आणि दोघी मिळून तुमचा हापूस मे महिन्यात बंद करतील. सब्जा घ्या, धनेजिऱ्याचं पाणी प्या. त्याने बिघडत काही नाही. गुलकंद मात्र डोळे उघडे ठेवून खा, कारण तो मुख्यतः साखर आहे. जाता जाता एक गंमत : सुश्रुताने तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुटकुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटलं, काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आणि कारणं सांगितली ती कफ, वात आणि रक्त. पित्ताचं नाव त्या यादीत नाही. हे आत्यांना सांगायचं की नाही, ते आपापल्या धाडसावर.

‘रक्तशुद्धी’च्या बाबतीत थट्टा थोडी बाजूला ठेवू. रक्त शुद्ध करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंड बिनबोभाट करत असतात, आणि सुटी, बिनलेबलची चूर्णं नेमकी त्यांनाच भोवू शकतात. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. तेव्हा त्यातून यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची हकीकत मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. वैद्याकडे जायचं तर रीतसर, नाडी दाखवून, औषधाचं नाव लिहून घेऊन जा. शेजारच्यांच्या बरणीतून चमचाभर आणून नव्हे.

इथवर जे सोडलं, त्यातलं बरंचसं सोडण्याची गरज नव्हती. ज्याच्याकडे बोट दाखवायला थोडाफार पुरावा आहे, ते ताटात शुभ्र आणि सोज्वळ चेहऱ्याने बसलेलं असतं. पिठूळ, गोड, झटक्यात पचणारं खाल्लं की रक्तातली साखर उसळते, तिच्यामागे इन्सुलिन धावतं आणि इन्सुलिनच्या गोतावळ्यातली वाढीची रसायनं तेलग्रंथींना चिथावतात. 2007 साली मेलबर्नच्या संशोधकांनी 15 ते 25 वयाच्या 43 मुलांवर 12 आठवडे हे करून पाहिलं. साखर सावकाश चढवणारं जेवण घेणाऱ्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. त्यांचं वजनही उतरलं, त्यामुळे श्रेय जेवणाचं की वजनाचं, हा घोळ राहिलाच. आणि कमी झाले म्हणजे गेले नव्हेत.

आता हे मराठी घरात लावून बघा. मुरुमांसाठी म्हणून चतुर्थी धरणारी मुलं-मुली आहेत. पथ्यही होतं, पुण्यही लागतं. त्या दिवशी पानात काय असतं? साबुदाणा, म्हणजे टॅपिओकाचा निव्वळ स्टार्च, ज्यात प्रथिनं आणि तंतू नावालाही नाहीत. त्यात बटाटा. वरून चिमूटभर साखर, ती नसेल तर खिचडीला चव नाही. संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स, रात्री रताळ्याचा गोड कीस. या ताटाची लाज राखतं ते एकटं दाण्याचं कूट. साखर झपाट्याने चढवायची असेल तर याहून निष्ठेने करता येणार नाही, आणि आषाढी ते नवरात्र या हंगामात तर हा कार्यक्रम जवळपास सलग चालतो. उपासावर माझा आक्षेप नाही, खिचडीवर तर मुळीच नाही. फक्त ती खाताना आपण पथ्य करत आहोत असा चेहरा करू नये. पथ्यच करायचं तर भाकरी, मटकीची उसळ, वरण, पालेभाजी, मूठभर दाणे आणि चहातली साखर व बिस्किटं कमी. यात सांगण्यासारखं काही नाही, पैसे घेऊन विकण्यासारखं तर त्याहून नाही. म्हणूनच ते कोणी सुचवत नाही.

पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटाचा दाखला तुम्हाला कोणीतरी देईलच. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तिथल्या 1200 माणसांत एकालाही मुरूम सापडला नाही. आहार कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ. हे ऐकून कोकणातल्या माणसाची छाती फुगेल, पण किटावात बेकरी नव्हती. आणि जनुकं वेगळी असण्याची शक्यताही उरतेच.

दुधाबद्दल घरात बोलताना आवाज खाली ठेवा. 47 हजारांहून अधिक अमेरिकी परिचारिकांना शाळेच्या वयातला आहार आठवायला सांगितला, तेव्हा जास्त दूध पिणाऱ्यांत गंभीर मुरुमांची नोंद अधिक आढळली, आणि सगळ्यात ठळक संबंध निघाला तो साय काढलेल्या दुधाशी. आठवणीवरचा पुरावा कच्चाच. तरी साय बाजूला काढून स्वतःला निरोगी समजणाऱ्यांनी घोट घेताना थोडं थांबावं. दुधाची शिक्षा दह्याला सहसा लागू करत नाहीत. जिममधल्या मंडळींनी मात्र आधी आपला प्रोटीनचा डबा वाचावा. व्हे म्हणजे पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातलं प्रथिन, आणि तो डबा सुरू झाल्यावर मुरूम उसळल्याच्या व डबा बंद केल्यावर बसल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. ट्रेनरने ‘बॉडीसाठी’ इंजेक्शन दिलं असेल, तर आहाराची वही मिटा आणि डॉक्टरांना खरं सांगा. ॲनाबॉलिक स्टेरॉइडने येणारे मुरूम भाकरीला भीक घालत नाहीत.

गोळ्यांचं कपाट उघडायची वेळ झाली. पहिली बाटली जस्ताची, म्हणजे झिंक. हिच्या बाजूने खरोखर पुरावा आहे, फक्त तो पूर्ण वाचावा लागतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 332 रुग्णांना तीन महिने रोज 30 मिलिग्रॅम जस्त किंवा मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. जस्ताने सुमारे 31 टक्के लोकांना चांगला गुण आला, प्रतिजैविकाने 63 टक्क्यांना. जाहिरातीत पहिला आकडा असतो. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळतं, आणि जास्त मात्रा महिनोन्महिने घेतली तर शरीरातलं तांबं कमी पडतं. दुसरी बाटली व्हिटॅमिन एची. ही उघडूच नका. मुरुमांवर उपयोग व्हायला जी मात्रा लागते, ती यकृताला आणि गर्भाला घातक ठरते. तिसरं प्रकरण बी-12चं, आणि ते खास आपल्या शाकाहारी घरांतलं : अशक्तपणासाठी इंजेक्शनं सुरू होतात आणि काही जणांच्या तोंडावर पुरळ फुलतं. कमतरता खरी असेल तर इंजेक्शन परस्पर बंद करू नका. मात्र ‘असू द्यावं’ म्हणून घेत असाल, तर तो डाव तपासून घ्या. जवसाची चटणी खुशाल खा. तिच्यातल्या ओमेगा-3 वर फार भिस्त ठेवू नका, पण भाकरीशी ती चांगली लागते.

काहीही केलं तरी निदान दोन-तीन महिने थांबावं लागतं. कोणतीच गाठ कायम राहत नाही. ती जायला निघाली असताना तुम्ही जे खात असाल, त्याचा घरात जयजयकार होतो, आणि पुढच्या भाचीला तेच दिलं जातं.

या काळात दोन गोष्टी करू नका. गाठ फोडू नका. खोल गाठ बाहेर येत नाही, आत पसरते. आणि मेडिकलवाल्याकडून ‘तोंडाला लावायची ट्यूब’ मागू नका. आपल्याकडे अशा ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा तुकतुकीत होतो आणि मग दुप्पट उसळतो.

खरं तर खोल गाठी वारंवार येत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर ही मार्गदर्शिका आणि त्वचारोगतज्ज्ञाची भेट या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात उरकाव्यात. मुरूम जातो, खड्डा राहतो, आणि खड्ड्याला पथ्य नाही. मुलींची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओडीची तपासणीही व्हायला हवी. डॉक्टर कदाचित आयसोट्रेटिनॉइन लिहून देतील. हे व्हिटॅमिन एचंच भावंड, म्हणून ती दुसरी बाटली आता घरातही नको. गर्भाला याने गंभीर इजा होते. औषध चालू असताना आणि थांबल्यावर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, मग घरात हा विषय काढायला कितीही संकोच वाटो. रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. ओठ फुटतील, व्हॅसलीन जवळ ठेवा.

घरी आल्यावर आजी विचारतील, “डॉक्टरांनी पथ्य काय सांगितलं?” सांगा, की ही गोळी रिकाम्या पोटी नीट अंगी लागत नाही, म्हणून भरल्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आहे, आणि जेवणात स्निग्ध पदार्थ हवा. गेले कित्येक महिने तुमच्या पानात तूप पडलेलं नाही. आता ते भातावर चांगलं दोन चमचे पडेल, आणि चार-पाच महिन्यांनी तोंड स्वच्छ झालं की सगळं श्रेय त्या तुपाला मिळेल. वाद घालू नका.