चिरंजीव, यंत्र आणि अर्धी पेनी

इप्सविच, इंग्लंड
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,


इकडे सर्व खुशाल. परवा फोनवर तुम्ही तुमच्या चिरंजीवांबद्दल विचारलंत, "तो शनिवार-रविवारी शेतात काय करतो?" मी म्हटलं, नाणी शोधतो. त्यानंतर आपल्या सोसायटीत बातमी पसरली की मुलुंडच्या मुलाची इंग्लंडमधली नोकरी गेली आणि तो आता शेतात सुटे पैसे वेचतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा तर मला मेसेजही आला, "धीर सोडू नकोस." तेव्हा खुलासा करते. नोकरी शाबूत आहे, पगार वेळेवर होतो. डोक्याचं मात्र नक्की सांगता येत नाही.

खूळ शिरलं ते हॉक्सनमुळे. आमच्याच सफोक परगण्यातलं हे गाव. १९९२ साली तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. मित्र मेटल डिटेक्टर घेऊन ती शोधायला गेला आणि हातोडीच्या आधी रोमन काळातली सुमारे पंधरा हजार सोन्याचांदीची नाणी निघाली. हातोडीही नंतर सापडली आणि खजिन्याबरोबर तीही ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. आपल्याकडे हातोडी हरवली की शेजाऱ्यावर संशय घेतात, इथे तिला संग्रहालयात जागा मिळते. ही गोष्ट ऐकल्यापासून तुमच्या चिरंजीवांनी घरातलं काहीही हरवलं तरी आशेने हसायला सुरुवात केली आहे.

आई, कायद्याची काळजी करू नका. शेतमालकाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती मिळाली, आणि त्यात तुमच्या भाजणीच्या चकलीचा वाटा मोठा आहे. १९९६च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे खजिना सापडला तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. गंमत अशी, की सोन्या-चांदीचं तीनशे वर्षांपूर्वीचं नाणं एकटं सापडलं तर ते सहसा खजिना ठरत नाही, दोन एकत्र सापडली तर ठरतात. एकट्याला भाव नाही, जोडीनेच या, हा आपल्या लग्नाच्या आमंत्रणाचा नियम इथे सरकारने केला आहे.

आता मुख्य तक्रार. गेल्या महिन्यात यांच्या मेटल डिटेक्टरच्या कंपनीने यंत्राचं नवं सॉफ्टवेअर काढलं. यंत्र म्हणजे काठीच्या टोकाला ताटाएवढी चकती, मधे छोटा पडदा आणि कानाला हेडफोन. ते केबलने लॅपटॉपला जोडलं. पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत घरात कोणी मिक्सर लावायचा नाही, असा हुकूम. चटणी पाट्यावर वाटली असती, पण पाटा मुलुंडला. अपडेट झालं आणि इतके दिवस घोटून बसवलेली सेटिंग्ज पुसून यंत्र कारखान्यातून आलं होतं तसं झालं.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. एरवी त्या शेतात पाऊल टाकलं की खिळे, घोड्याचे नाल, नांगराचे तुकडे बोंब मारतात. त्या दिवशी यंत्र चिडीचूप. चिरंजीव म्हणाले, "बघ, काय सुधारणा केली आहे! फालतू आवाजच नाही." दुपारपर्यंत बाटलीचं एक झाकणसुद्धा मिळालं नाही, तेव्हा चेहरा उतरला.

बाबा, तुम्ही आयुष्यभर इलेक्ट्रिकलमध्ये काम केलंत, तुम्हाला हे चटकन कळेल. चकतीत तारेची वेटोळी असतात. एक वेटोळं जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं. खाली धातू असला तर त्यात विजेचे भोवरे उठतात आणि दुसरं वेटोळं त्यांचा प्रतिसाद टिपतं. तो किती मागे पडून आला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं आणि आकडा दाखवतं. जाड चांदी आणि तांबं वरच्या आकड्यांवर, चॉकलेटची चांदी खाली, लोखंड त्याहून खाली, आमच्या यंत्रात उणे. पण सोन्याची बारीक अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी जवळपास एकाच आकड्यावर बोलतात. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबणारा माणूस घरी अंगठी आणत नाही, कड्या आणतो. आमच्याकडे बरणीभर आहेत.

झालं होतं असं, की कारखान्याच्या सेटिंगमध्ये लोखंडाचा आवाज पूर्ण बंद होता आणि आयर्न बायस चढा होता. म्हणजे नाण्याशेजारी खिळा असला की यंत्र दोघांनाही लोखंड समजून गप्प बसायचं. शांतता होती ती यंत्र ऐकत नव्हतं म्हणून.

मग घरच्या बागेत प्रयोगशाळा सुरू झाली. इथेच तुमच्या डब्यातून आमच्या सामानात आलेली जुनी नाणी कामी आली. मातीत ओळीने पुरली: फुलासारख्या कडेचे दहा पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे आणि हल्लीचं दोन रुपयांचं नाणं. दहा पैसे ॲल्युमिनियमचे, छान वाजले. पितळी वीस पैसे तर घंटेसारखे. आणि दोन रुपये? ते आता स्टेनलेस स्टीलचे असतात, चुंबकाला चिकटतात. यंत्र गुरगुरलं आणि खिळा म्हणून मोकळं झालं. २०११ साली सरकारने चार आणे आणि त्याखालची नाणी बाद केली. ती या यंत्राला प्राणप्रिय, आणि बाजारात चालणारं नाणं मात्र भंगार! तुमचा नातू चिन्या म्हणाला, "बाबा, मग मशीनला इंडियात भाजी आणता येणार नाही." मला तर यंत्राची जन्मभराची लायकी त्या वाक्यात दिसली.

चिरंजीवांनी पंचम जॉर्जचा रुपया मागवायचं ठरवलं होतं, लक्ष्मीपूजनाच्या डब्यातला. आई, तो देऊ नका. शंभर वर्षांवरचं नाणं आपल्या १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही. तुम्ही तसाही दिला नसता, आता कायदाही तुमच्या बाजूने आहे.

सेटिंग्ज शेवटी अशी लागली. मोबाइल बंद करून आधी नॉइज कॅन्सल. मग जिथे धातू नाही अशा मातीवर चकती वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतली खनिजं आपला आवाज मिसळत नाहीत. सेन्सिटिव्हिटी बडबड थांबेपर्यंत खाली. रिकव्हरी स्पीड वाढवला, म्हणजे एका वस्तूला उत्तर देऊन यंत्र दुसरीकडे लवकर वळतं. आयर्न बायस कमी. राहिलं डिस्क्रिमिनेशन, म्हणजे कोणत्या धातूचा आवाज गाळायचा ते, आणि तिथे आमचं भांडण झालं. यांचं म्हणणं, लोखंड बंदच ठेवू, डोकं उठतं. मी म्हटलं, लोखंडाचा आवाज चालू ठेवा, फक्त हळू करा. मी घाटकोपरची. संध्याकाळच्या गर्दीत अनाउन्समेंट, भेळवाला, भांडणं आणि पलीकडच्या फलाटावरची गाडी एकाच वेळी ऐकून त्यातून "फास्ट गाडी आज स्लो ट्रॅकवर" एवढंच नेमकं उचलायचं, हे आम्ही शाळेत असतानाच शिकलो. गोंगाट बंद करून मुंबईत कोणी घरी पोचलं नाही.

पुन्हा त्याच शेतात गेलो आणि हेडफोन मी घातले. खिळ्यांची गुरगुर चाललेली असताना मधेच एक बारीक, लाजरा 'टिर्र' आला. एका बाजूने फिरवलं की यायचा, दुसऱ्या बाजूने नाही. आकडाही स्थिर नाही, चॉकलेटच्या चांदीच्या आसपास. हे म्हणाले, कागद असेल. मी म्हटलं, खणा. वीतभर खाली एक गंजका खिळा आणि त्याला खेटून अंगठ्याच्या नखाएवढा करडा तुकडा. कड सरळ, कात्रीने कापल्यासारखी. पाण्याचा थेंब टाकल्यावर एका अंगाला क्रॉसची रेघ आणि काठाने चार-पाच अक्षरं दिसली.

संग्रहालयातल्या नोंदणी अधिकारी बाईंनी सांगितलं, ही तेराव्या शतकातली चांदीची अर्धी पेनी. तेव्हा सुट्ट्यांची चणचण असायची, म्हणून क्रॉसच्या रेघेवर पेनी कापून अर्धी-पाव करून चालवत. पुढे राजा पहिल्या एडवर्डने गोल अर्ध्या पेन्या पाडल्या. सुट्ट्यांवरून वाद घालणारा कंडक्टर सातशे वर्षांपूर्वीही असणार! एकटी असल्याने ही खजिना नाही. बाईंनी तिची रीतसर नोंद केली आणि परत दिली. शेतकऱ्याला दाखवली, तर तो म्हणाला, "बाकीची अर्धी कुठे आहे?" नवऱ्याला आता तोच ध्यास लागला आहे.

बाबा, तुम्हाला नाशिकजवळचं जोगळटेंभी आठवत असेल. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले. सातकर्णीनेही अपडेटच केलं, पण खालचा नहपान अजून ओळखू येतो. आमच्या कंपनीने हे शिकायला हवं.

डिसेंबरात आम्ही येतोय आणि यंत्रही आणायचा बेत शिजतोय. कृपया आपला जुना अधिकार वापरून तो हाणून पाडा. कारणं देते: आपल्याकडचा खडक बेसाल्ट, अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याचीच. त्यात लोहखनिज भरपूर, त्यामुळे यंत्राला जमीनच धातूसारखी भासते. गोराईच्या ओल्या वाळूतलं मीठ वेगळा गोंधळ घालतं. कान्हेरी आणि महाकाली ही संरक्षित स्मारकं, तिथे यंत्र नेणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. आणि आपल्या १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्तीचा ठेवा सापडला तर कलेक्टरांना कळवावं लागतं. दहा रुपयांसाठी कलेक्टर कचेरीत रांग लावायची तयारी असेल तर खुशाल आणा म्हणावं.

चिन्याचा गोड पापा. आई, चकल्या संपत आल्या आहेत, म्हणजे परवानगीची मुदतही.

तुमची सूनबाई

ता. क. : बाबा, तुम्ही नवं श्रवणयंत्र "नुसता गोंगाट करतं" म्हणून कपाटात ठेवलंय, असं कळलं. सेटिंग बदलून घ्या, पण घाला. आई म्हणतात, त्यांच्या हाका तुम्हाला मुळीच ऐकू येत नाहीत आणि "चहा" हा शब्द मात्र शेजारच्या घरातूनसुद्धा येतो. तेव्हा ऑडिओलॉजिस्टकडे जाताना एवढं सांगा, की यंत्रातलं डिस्क्रिमिनेशन पाहा, पेशंटचं पन्नास वर्षं उत्तम चालू आहे.