दात धरण्याचे शास्त्र

मराठी भाषेने दातांविषयी फारसे चांगले मत बाळगलेले दिसत नाही. एखाद्यावर दात धरणे म्हणजे वैर, दातओठ खाणे म्हणजे संताप, दात विचकणे म्हणजे लाचारी, आणि दातांच्या कण्या करूनही काम होईलच असे नाही. यंत्रशास्त्राने मात्र आपली सारी मदार दातांवरच ठेवली असून, दोन गुळगुळीत चाके एकमेकांना नुसती टेकवल्यास भार वाढताच ती घसरतात या अनुभवातून त्यांच्या कडांना समान अंतरावर दाते कापण्याची युक्ती फार प्राचीन काळीच निघाली. अशा दातेरी चाकाला गिअर म्हणतात, जोडीतील लहान चाकाला पिनियन म्हणतात, आणि एकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेत शिरून त्याला पुढे ढकलतो, एवढाच या दोघांमधील व्यवहार असतो.

या व्यवहाराच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातील सर्वांत सोयीची प्रयोगशाळा म्हणजे पाटीवर एखाद्या नाथाचे नाव मिरवणारे रसवंतीगृह होय, कारण तेथे यंत्राचा अंतर्भाग बहुधा उघडाच असतो आणि प्रवेशशुल्क म्हणून केवळ एक ग्लास रस घ्यावा लागतो. चरकाची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते; ऊस पिळणाऱ्या रुळांनी तोच वेग धरला, तर गिऱ्हाइकाला रस ग्लासात न मिळता अंगावर मिळेल. म्हणून समजा, पट्ट्याने हा वेग चौथाईवर, म्हणजे ३६० वर आणला. पुढे १५ दात्यांच्या पिनियनने ७५ दात्यांचे चाक फिरवले की तो पाचव्या हिश्शावर, ७२ वर येतो. आणि आणखी एका जोडीने त्याची चौथाई केली की रूळ मिनिटाला १८ फेऱ्यांच्या भारदस्त चालीने फिरू लागतो. वेग ८० पटींनी घटला, तेव्हा घर्षणात गेलेला वाटा सोडला तर पिळण्याचा जोर तितक्याच पटींनी वाढला. वेगही हवा आणि जोरही हवा, असा हट्ट गिअर कोणाचाही चालू देत नाही. या बाबतीत त्याचा हिशेब किराणा दुकानदारापेक्षा चोख असतो.

दात रुतलेली दोन चाके नेहमी परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. वरवर पाहता हा स्वभावदोष वाटतो, तथापि समोरासमोरचे दोन रूळ असे उलटसुलट फिरतात म्हणूनच ऊस त्यांच्या फटीत ओढला जातो. दोघे एकाच दिशेने फिरले असते, तर एकाने ऊस आत घेतला असता आणि दुसऱ्याने तो परत पाठवला असता, म्हणजे सरकारी कचेरीतील अर्जाची गत उसाला लाभली असती. दोन चाकांना एकाच दिशेने फिरवायचे झाल्यास मधे तिसरे चाक बसवावे लागते. हे मधले चाक दिशा बदलते, परंतु टोकाच्या दोघांच्या वेगांचे गुणोत्तर त्याच्या आकाराने तसूभरही बदलत नाही. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची भूमिका याहून वेगळी नसते. मोटारीचा रिव्हर्स गिअर अशाच एका मध्यस्थाच्या भरवशावर गाडी मागे नेतो.

दात्याचा आकार हा स्वतंत्र पांडित्याचा विषय आहे. फिरकीवरचा मांजा ताणून धरून उलगडत नेला असता त्याच्या टोकाने जी वक्ररेषा आखली जाते, तिच्याप्रमाणे दात्याची बाजू घडवावी, हा विचार लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडला. या आकारामुळे चाकांच्या मध्यबिंदूंतील अंतर थोडे इकडेतिकडे झाले तरी वेगांचे गुणोत्तर ढळत नाही, ही गोष्ट अंदाजपंचे जोडणी करणाऱ्या कारागिरांवर ऑयलरचे केवढे उपकार आहेत हे दाखवते. शिवाय दात्यांमध्ये किंचित मोकळीक ठेवावी लागते. ती न ठेवल्यास तापून फुगलेले दाते एकमेकांत अडकून बसतात, आणि फार ठेवल्यास खडखडाट होतो. एकत्र कुटुंबांना हे माप अद्याप सापडलेले नाही. आणखी एक बारकावा असा की १५ आणि ७५ या जोडीत पिनियनचा प्रत्येक दाता जन्मभर त्याच पाच दात्यांना भेटतो व एकाच्या खोडीने तेच पाच झिजतात. मोठ्या चाकाला ७६ दाते दिले, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते आणि झीज सर्वांत वाटली जाते.

याच शास्त्राचा पसारा पुढे डोंगर चढतो. कर्जत ते लोणावळा या घाटात सदतिसास एक असा चढ असल्याने गाडीला मागून जादा इंजिने लावून भागते. निलगिरीच्या रेल्वेत मात्र चढ बारास एक इतका खडा आहे, म्हणून तेथे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी अंथरली असून इंजिनाचे पिनियन तिच्यात दात रोवून वर सरकते. रसवंतीतील चरकाला डोंगर चढण्याचा असा मान लाभलेला नाही. त्याच्या वाट्याला आली ती फक्त घुंगरे. उन्हाळ्यात वाचकांनी त्याचे दाते जरूर मोजावेत, मात्र मोजताना बोट लावू नये.