परमुलखातील वाढदिवस

ज्या राजगडावर २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराज पालथे उपजले, आणि तो अपशकुन समजून खिन्न झालेल्यांना आता दिल्लीची पातशाहीच पालथी पडेल असा अर्थ शिवरायांनी लावून दिल्याचे बखरकार सांगतो, त्याच गडाच्या वेल्हे तालुक्यातील (सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणावयाचे) एखाद्या सुखवस्तू कुटुंबास चिरंजीवांचा प्रथम वाढदिवस सिंगापुरासच करणे क्रमप्राप्त वाटते. पारपत्रावर चिरंजीवांची मुद्रा जप्तीचा हुकूम पोचलेल्या कुळासारखी असते. सोहळा ते निद्राधीन राहून पार पाडतात. तिकडील घड्याळ अडीच तास पुढे, म्हणून भोरच्या आजी सांजवात लावून मोबाइलच्या काचेस ओवाळू लागतात तेव्हा केक केव्हाच संपलेला असतो. चुकविलेल्या गावजेवणाची बाकी मात्र भाऊबंद परतल्यावर सव्याज वसूल करतात.