जावयाची जांभई

"काकू, दोन काड्या कढीपत्ता द्या हो. आणि काल कोपऱ्यावरच्या सत्यनारायणाला होतात ना?"

"होते की! चौथा अध्याय चाललेला. तिकडे साधुवाण्याचा जावई नौकेसकट पाण्यात गडप होतोय, आणि इकडे यांच्या जावयाने हा एवढा जबडा वासला."

"सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. निदान चुटकी तरी वाजवायची!"

"हल्लीच्या मुलांना चुटकी कुठली ठाऊक? आमची आजी दुसऱ्याच्या जांभईलाही वाजवायची. उघड्या तोंडात काहीबाही शिरतं म्हणे."

"शिरतं?"

"महाभारतात तर उलट बाहेर पडलंय. वृत्रासुराने इंद्राला गिळलं. मग देवांनी जृंभिका निर्माण केली, वृत्राला जांभई आली आणि इंद्र अंग चोरून सटकला. उद्योगपर्वात आहे. तेव्हापासून जांभई सगळ्या प्राण्यांच्या मागे लागली."

"म्हणजे इंद्र सुटला, जावई अडकला!"

"चरकाचार्यही जावयाच्याच बाजूचे. न दाबण्याचे तेरा वेग सांगितलेत, त्यात शिंक, ढेकर, भूक, तहान यांच्या पंगतीला जांभई आहेच. दाबली तर अंग आखडतं, कापरं भरतं. पूजेत जावयाला कापरं भरलं असतं तर बरं दिसलं असतं का?"

"पण सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, धूप फार झाला, खोलीत हवा कमी पडली."

"छे! माझी नात मानसशास्त्र शिकते ना, ती सांगत होती. अमेरिकेत प्रोव्हाइन म्हणून प्राध्यापक होते. त्यांनी १९८७ च्या सुमाराला विद्यार्थ्यांना शुद्ध ऑक्सिजन हुंगवून पाहिला, मग कार्बन डायऑक्साइड वाढवून पाहिला. जांभया आपल्या तेवढ्याच. हवेचं निमित्त उगाच."

"मग पाठोपाठ गुरुजींनाही आली ती?"

"लागण गं! माणसाची कुत्र्यालाही लागते. कासवांचं मात्र तसं नाही. लाल पायांच्या कासवांवर मुद्दाम प्रयोग केला, एकाची दुसऱ्याला लागली नाही. त्याला २०११ साली इग नोबेल मिळालं, ते हसवणारं नोबेल."

"मग सासूबाईंनी कासवच बघायला हवं होतं मुलीसाठी!"

"हळू बोल, गच्चीत वाळवण घालतायत त्या. हा घे कढीपत्ता. आणि खरं सांग, प्रसादाच्या शिऱ्यात तूप होतं का?"

"तूप? केळंसुद्धा शोधावं लागलं, काकू!"