रस्ता सांगणारं अ‍ॅप कसं निवडावं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पूर्वतयारी. आधी कुठे जायचं ते ठरवा. या मार्गदर्शिकेपुरतं आपण पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, महाड असं करत, दापोलीला मावशीकडे जेवून गुहागरला चाललो आहोत असं धरू. गाडीत चौघं आहेत: चालवणारे तुम्ही, शेजारी फोन सांभाळणारी बायको, मागे मुलगी आणि ‘मी अठ्ठ्याऐंशीपासून हा रस्ता करतोय’ म्हणणारे काका. काकांना नेट लागत नाही आणि चार्जिंगही लागत नाही. फक्त त्यांच्या नकाशात कशेडीचा बोगदा अजून आलेला नाही.

पायरी पहिली. बाजारात काय आहे ते पाहून घ्या. गूगल मॅप्स बहुतेक फोनमध्ये आधीपासूनच असतं, त्यामुळे बहुतेकांची निवड इथेच आटोपते. वेझ मूळचं इस्रायलचं, गूगलने २०१३ मध्ये विकत घेतलं. त्यात खड्डा, पोलीस, अपघात हे सगळं वापरणारेच एकमेकांना कळवतात. आपल्याकडे ते वापरणारे फार थोडे, त्यामुळे घाटात ते मौन पाळतं. मॅपल्स हे मॅपमायइंडियाचं. ही कंपनी १९९५ पासून भारताचे नकाशे करते आहे. ऑरगॅनिक मॅप्सचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून येतो, म्हणजे जगभरच्या हौशी मंडळींनी फुकट काढलेला. तो आधी उतरवून घेतला की नेटशिवाय चालतो, जाहिराती नाहीत. पुढे ट्रॅफिक तुंबलाय का, हे मात्र त्याला विचारू नका.

आता तारे मोजू नका, परीक्षणं वाचू नका. एकच प्रश्न विचारा: याला हे कळतं कुठून?

नवशिक्याला वाटतं की वरून उपग्रह रस्ता न्याहाळतोय आणि खड्डे मोजतोय. उपग्रहाला तुमचं काही पडलेलं नाही. तो सुमारे वीस हजार किलोमीटरवरून फक्त आपली वेळ आणि जागा सांगत राहतो. निदान चार उपग्रहांचं ऐकून तुमचा फोन स्वतः कुठे आहे याचा हिशेब मांडतो. या कामाला रेंज लागत नाही. ‘रेंज गेली, जीपीएस गेलं’ असं म्हणत मुळशीच्या पुढे घाबरणाऱ्यांनी हे पाठ करावं: रेंजबरोबर जातो तो नकाशा आणि ट्रॅफिकची खबर. म्हणून नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्यावा. बोगद्यात मात्र आकाशच नसतं, तिथे बाण अंदाजाने पुढे सरकतो किंवा थांबून विचार करतो.

ट्रॅफिकची खबर कुठून येते? बरीचशी दुसऱ्यांच्या फोनांकडून. पुष्कळ फोन एका जागी हळू सरकू लागले की अ‍ॅप म्हणतं कोंडी, आणि रेघ लाल होते. २०२० मध्ये जिमोन वेकर्ट नावाच्या जर्मन कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावरून ती गाडी ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. कोंडी कुठेच नव्हती, एक माणूस चालत होता.

नवशिक्यांनी याची उलट बाजू ध्यानात घ्यावी. लाल नाही याचा अर्थ रस्ता चांगला असा होत नाही. कदाचित शहाणी माणसं तिकडून जातच नसतील. पावसाळ्यात वरंधा घाट बंद ठेवायचा आदेश निघतो, दरड येते, आणि ती बातमी अ‍ॅपपर्यंत पोचायला वेळ लागू शकतो. निळी रेघ तोवर छान तुकतुकीत असते. इथे थट्टा थोडी बाजूला ठेवतो: नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघं गेले, आणि ते नकाशाच्या आधाराने चालले होते असं बातम्यांत आलं. रस्त्यावर आडवा दगड, फांदी किंवा रिकामा ड्रम दिसला तर तो कुणीतरी तुमच्यासाठीच ठेवलेला आहे. अ‍ॅप काही का म्हणेना, थांबा.

पायरी दुसरी. सेटिंग तपासा. वाहन म्हणून ‘दुचाकी’ निवडलेलं राहिलं असेल तर अ‍ॅप तुम्हाला बोळ, बांध आणि कुणाच्या तरी अंगणातून नेईल. ते चुकलेलं नाही, तुम्ही चारचाकी घेऊन आलात. ‘टोल टाळा’ची खूण राहिली असेल तर चाळीस रुपये वाचवून शंभराचं पेट्रोल जाळाल. आणि ‘फेरी टाळा’ची खूण काढा, नाहीतर दापोलीच्या पुढे दाभोळला खाडीचा पलीकडचा किनारा समोर दिसत असताना अ‍ॅप तुम्हाला खेड-चिपळूणचा अख्खा वळसा घालायला लावेल.

पत्त्याचं काय? मुक्कामाच्या मालकाकडून लोकेशन मागवा, पण पाठवताना तो घरीच आहे ना एवढं विचारा. भाजी आणायला चिपळूणला गेलेला माणूस चिपळूणचंच लोकेशन पाठवतो.

पायरी तिसरी. परीक्षा घ्या. पुणेकरांना यासाठी लांब जावं लागत नाही, चांदणी चौक आहे. २०२२ मध्ये जुना पूल पाडला, २०२३ मध्ये नव्या चौकाचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून तिथे इतके रॅम्प आहेत की ‘किंचित डावीकडे’ या सूचनेला तीन उत्तरं निघतात. फोनचा अंदाज काही मीटर इकडेतिकडे होतो. वरच्या पुलावर आहात की खालच्या रस्त्यावर, हे त्याला नीट कळत नाही.

“अहो, डावीकडे म्हणतंय.”

“कुठल्या डावीकडे?”

“ते नाही म्हणत.”

अशा वेळी पाटी वाचा. पाटी वाचेपर्यंत वळण गेलं तर वाद घालू नका, पुढे जा. अ‍ॅप रागावत नाही, मुकाट्याने नवा रस्ता काढतं. काका रागावतील, त्यांना चहा पाजा. चहाच्या टपरीवर ‘दादा, ताम्हिणी चालू आहे ना?’ हेही विचारून होतं. उत्तर त्या सकाळी तिकडून आलेल्या टेम्पोवाल्याचं असतं, आणि त्याच्याहून ताजी खबर कुठल्याच अ‍ॅपकडे नाही.

पायरी चौथी, दाभोळ. शेवटची फेरी किती वाजता सुटते ते दापोलीतूनच फोन करून विचारा. बोटीत गाडी चढवताना फोनचा आवाज बंद करा. समोरचा माणूस हाताने खुणा करत “या, या, अजून या, चाक सरळ, बस्स” म्हणतो आणि पुढच्या गाडीपासून चार बोटांवर तुम्हाला उभं करतो. हँडब्रेक ओढा. बाण खाडीच्या मधोमध असेल, मुलीला त्याचा फोटो हवा असतो, काढू द्या. धोपाव्याला उतरल्यावर आवाज परत सुरू करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या गाड्या जातील तिकडे तुम्हीही जाल, आणि त्यातल्या निम्म्या चिपळूणला चाललेल्या असतात.